लिलीचे कंद मृगात काढायचे की संक्रांतीला?

लिली म्हणजे आपली दारातली, मार्च-एप्रिलमध्ये मोठाली लाल-केशरी भोंग्यासारखी फुलं येणारी अमरिलिस, आणि तिच्या जोडीला मेमध्ये लाल चेंडू काढणारी फुटबॉल लिली. ट्युलिपचं सोडा, त्याला कित्येक आठवडे सलग थंडी लागते, ते श्रीनगरला शोभतं, आपल्याकडे फ्रीजमध्ये ठेवून एकदा फूल मिळालं तरी खूप.

तर तीन-चार वर्षांत वाफा गच्च होतो, कंद एकमेकांना ढकलत वर येतात, फुलं कमी होतात. मग काढून वेगळे करायचे, पण कधी? मी दोन्ही करून बघितलंय.

पहिल्यांदा जूनमध्ये. फुलं नुकतीच संपलेली, त्यामुळे कुठली लाल आणि कुठली पांढऱ्या पट्ट्याची हे डोक्यात ताजं असतं, हा फायदा खरंच मोठा आहे कारण नुसत्या पानावरून मला तरी रंग ओळखता येत नाही. वरून पाऊस पाणी घालतो, मुळं पटकन धरतात, बारकी पिल्लं चार-पाच महिने पानं काढून पोसतात. कागदावर जून जिंकतो, मान्य.

पण आमच्याकडे काळी माती आहे, आणि काळ्या मातीत जूनमध्ये वाफसा, म्हणजे ना फार ओली ना फार कोरडी अशी खणण्याजोगी माती, सापडतच नाही. पावसाआधी कुदळ टणकन वाजते, एक सर पडली की फावड्याला दोन किलोचा गोळा चिकटतो, मधला जो एक-दीड दिवस असतो तो नेमका बुधवारी येतो आणि मी सातपूरला ड्युटीवर. ओळीने तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी हट्टाने चिखलातच काढले. कंद कुठला आणि ढेकूळ कुठलं कळेना, पिल्लं ओढली तर कंदाखालची चकती, जिच्यातून मुळं फुटतात, तीच अर्धी फाटून आली. जखम वाळायला कोरडी हवा पाहिजे, तर पुढे आठ दिवस सूर्य नाही, मग हळद फासून तसेच लावले. जुलैत गोदावरीला पूर येऊन नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं त्या आठवड्यात सहज एक कंद दाबला तर बोट आत गेलं. असे सात निघाले. मुलगी म्हणे, बाबा, कांदा सडलाय का कुठे? जे वाचले त्यांची तीन-तीन पानं लिलीच्या त्या काळ्या-पांढऱ्या अळीने दोन रात्रीत संपवली. अळी जुन्या झाडांवरही येते म्हणा, पण त्यांच्याकडे खायला घालायला पानं असतात.

मामा निफाडकडचे, कांदेवाले. त्यांनी ऐकून एवढंच विचारलं, "अरे, मान सुकल्याशिवाय कांदा काढतं का कोणी?"

मग पुढच्या वेळी दिवाळीनंतर पाणी तोडलं. डिसेंबरात पानं पिवळी पडून लोळली. संक्रांतीच्या आधी एका गुरुवारी वाफ्यावर दोन बादल्या पाणी शिंपडलं, रविवारी माती मुठीत दाबली तर गोळा झाला आणि टिचकी मारली तर फुटला. वाफसा, आणि तोही मला हव्या त्या दिवशी! कंद झटकले की माती गळून पडायची, अंगठ्याने हलवून सुटतील तेवढी पिल्लं सोडवली, बाकीची आईपाशीच ठेवली. चार दिवस जिन्याखाली पेपरवर पसरले आणि मान वर ठेवून लावले. फूल जाईल ही भीती होती, पण कळी आदल्या पावसाळ्यातच कंदात तयार झालेली असते. अकरापैकी नऊ मोठ्या कंदांना मार्चअखेर दांडे आले, जरा बुटके. पिल्लांना मात्र दोन-तीन वर्षं लागतातच, कधीही लावा.

जानेवारीचेही त्रास आहेत. रंगांची खिचडी होते. थंडीत नवीन लावलेल्या कंदाला पाणी बेतानेच लागतं, आमच्याकडे घरच्यांनी मायेने रोज घातलं आणि दोन गेले. फुटबॉल लिली तर थंडीत जमिनीवरून पूर्ण गायबच होते, तिच्या एका कंदावर मी स्वतः कुदळ घातलीये. आणि हलवली की ती रुसते, पहिल्या मेमध्ये एकही चेंडू नाही, तिला बहुतेक गर्दीच आवडते.

गच्चीवर कुंड्या असतील, माती कोकोपीटवाली भुसभुशीत असेल, तर जूनला माझी हरकत नाही, कुंडी पत्र्याखाली सरकवली की वाफसा आपल्याच हातात. लाल मुरमाड जमीनवाल्यांचा अनुभवही वेगळा असू शकेल. जमिनीत, काळ्या मातीत आणि फक्त रविवारी वेळ असेल तर मी आपला संक्रांतीवाला.

फुलं असतानाच आता प्रत्येक कंदाशेजारी खराट्याची काडी रोवून ठेवतो, लालला लाल लोकर, पट्टेवालीला पांढरी. पोपटी उरली होती ती फुटबॉलला.