बिऱ्हाड हलते तेव्हा: जुनी शाळा की नवी?

भाड्याचे घर सोडावे लागल्याने किंवा बदलीमुळे गोव्यात पेडण्याहून मडगावला बिऱ्हाड हलवणाऱ्या पालकांपुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: मुलाला जुन्या शाळेतच ठेवून रोजचा प्रवास पत्करणे, किंवा नव्या घराजवळच्या शाळेत त्याचे नाव घालणे. शाळेच्या नावलौकिकापेक्षा मुलाची इयत्ता आणि पुढच्या बदलीची शक्यता पाहून हा निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे.

चौथीपर्यंत नवी शाळा बरी. गोव्यातील बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असून चौथीला संपतात आणि पुढची बहुतेक हायस्कुले इंग्रजी माध्यमाची आहेत. त्यामुळे पाचवीत शाळा आणि माध्यम दोन्ही तशीही बदलतात. स्थलांतर त्याच वर्षी करता आले, तर मुलाला दोनदा नव्याने रुळावे लागत नाही. तिसरीतच हलावे लागले, तर मात्र अडचण माध्यमाची येते, कारण पेडणे-डिचोलीत मराठी शाळा जितकी सहज मिळते तितकी ती सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, मिळत नाही. तेथे कोकणी शाळा घेण्यास हरकत नसावी. लिपी देवनागरीच असल्याने वाचन-लेखन अडत नाही.

दाखल्याची धास्ती बाळगू नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी दाखला तत्काळ द्यावा लागतो आणि तो मिळण्यास उशीर झाला म्हणून तेथील प्रवेश नाकारता येत नाही.

नववी-दहावीत मात्र, मंडळाच्या परीक्षेसाठी शिक्षक आणि सोबती तेच राहावेत म्हणून, जुनी शाळाच धरून ठेवावी. बालरथ, म्हणजे शाळेची बस, शाळेच्या आसपासच्या भागापुरता फिरतो, तेव्हा भिस्त कदंबच्या, म्हणजे राज्य परिवहनाच्या, बसवर ठेवावी लागेल. नव्या जुवारी पुलामुळे पणजी-मडगाव प्रवास सुसह्य झाला असला, तरी पेडण्याहून मडगावचे रोजचे येणे-जाणे मुलाला झेपणारे नाही. त्यापेक्षा वर्षभर आजीकडे ठेवणे परवडते.

केंद्र सरकारी नोकरीत वारंवार बदली होणाऱ्यांना केंद्रीय विद्यालय सोयीचे, कारण देशभर अभ्यासक्रम एकच असतो आणि प्रवेशात गेल्या 7 वर्षांतील बदल्या विचारात घेतल्या जातात. वास्को, बांबोळी व फोंडा येथे अशी विद्यालये आहेत. खासगी नोकरीतल्यांनी त्यावर फार विसंबू नये. त्यांच्या मुलांना वाळपई किंवा काणकोणचे निवासी नवोदय विद्यालय हा पर्याय उरतो, पण त्यासाठी पाचवीत असतानाच निवड परीक्षेचा अर्ज भरावा लागतो.