नवतपा काढेल तेच झाड: कुंडीसाठी मोरपंखी, ज्युनिपर, पोडोकार्पस की अरोकेरिया?

डिसेंबरात नर्सरीत पाय ठेवला की सगळीच सूचिपर्णी झाडं गोजिरी दिसतात. पारा दहाच्या आसपास असतो, झाडं खूश, आपणही खूश. पण नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलंय. त्यामुळे इथं झाड निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: हे नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ सर्वांत तापलेले दिवस, काढेल का?

आधी 'ड्वार्फ' या शब्दाचं बघू. ड्वार्फ म्हणजे कायमचं बुटकं नव्हे, हळू वाढणारं. अमेरिकन कॉनिफर सोसायटीच्या वर्गवारीत वर्षाला साधारण १ ते ६ इंच वाढणाऱ्याला ड्वार्फ म्हणतात. आपल्याकडे मात्र लहान पिशवीत बसलं की ते ड्वार्फ! परदेशी फोटोंत दिसणारा तो देखणा शंकू बहुतेक वेळा अल्बर्टा स्प्रूस असतो. तो १९०४ मध्ये कॅनडाच्या थंडीत सापडला. आपल्या गच्चीसाठी त्याचा विचारही नको.

इथं खरी लढत मोरपंखी आणि ज्युनिपरमध्ये आहे.

मोरपंखी म्हणजे आपण शाळेत वहीत ठेवायचो ती 'विद्या'. मूळची उत्तर चीन-कोरियाकडची, म्हणजे कडक हिवाळा आणि कडक उन्हाळा दोन्ही पाहिलेली. साधी मोरपंखी जमिनीत चांगली उंच होते, म्हणून कुंडीसाठी अंड्याच्या आकाराची, दाट, सोनेरी छटेची जात मागा. ती दहा वर्षांतही जेमतेम कमरेला-छातीला लागते. तिचे पंखे उभे, पुस्तकाच्या पानांसारखे एकाला एक लागून असतात. ते हातानं विलगून बघा. आत तपकिरी, वाळलेलं दिसेल. घाबरू नका, आतली जुनी पालवी अशीच झडते, ती चिमटीनं काढून टाकायची. पण कात्री आतल्या उघड्या लाकडापर्यंत नेऊ नका, तिथून पुन्हा फुटवा येत नाही. बाहेरचा रंग धुरकट, राखाडी वाटला तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालायला लागले तर ती लाल कोळी ही कीड. कोरड्या उन्हाळ्यात ती हमखास येते. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, तोही पानांच्या आतपर्यंत, एवढ्यानं बरीच आटोक्यात राहते.

ज्युनिपर दिसायला जास्त रुबाबदार, वळणदार, बोन्सायवाल्यांचा लाडका. ऊनही त्याला भरपूर लागतं. गंमत अशी, की उन्हाळा निभावलेला ज्युनिपर आपल्याकडे ऑगस्टमध्ये जातो. कारण पाणी साचणं. काळी माती कुंडीत भरलीत तर तो गेलाच समजा. पावसात ती चिखल होते, उन्हात भेगाळते. मी निम्मी कन्हान नदीची रेती आणि बारीक मुरूम, उरलेल्यात माती नि थोडं कुजलेलं शेणखत घेतो. कुंडी दोन विटांवर ठेवतो, म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं. पानं टोचतात, घरात रांगतं मूल असेल तर नकोच.

थोडक्यात, पाण्याच्या बाबतीत हात सैल असेल तर मोरपंखी, हात आखडता ठेवता येत असेल आणि गच्चीवर ऊन असेल तर ज्युनिपर.

बाल्कनीत फक्त सकाळचं ऊन येतं? मग पोडोकार्पस. लांबट, गडद हिरवी पानं, कात्री सहन करतो, अर्ध्या सावलीत सुखी. दिसायला 'ख्रिसमस ट्री' अजिबात वाटत नाही, हीच त्याची अडचण.

अरोकेरिया मात्र ड्वार्फ नाहीच. नॉरफोक बेटावरचं हे झाड मायदेशी पन्नास मीटरवर जातं. कुंडीत काही वर्षं छान राहतं. पण शेंडा छाटलात तर तो पिरॅमिडसारखा डौल पुन्हा येत नाही.

आणि लेमन सायप्रस. घेऊ नका. कॅलिफोर्नियाच्या धुक्यातल्या, गार समुद्रकिनाऱ्यावरच्या सायप्रसची ही सोनेरी जात आहे. मी हौसेनं दोन आणले होते. एप्रिलच्या मध्यावरही शेंडे पिवळेधमक, पान चुरडलं की लिंबाचा वास. खोडाची साल नखानं खरवडली तर आत हिरवा पापुद्राच नव्हता, नुसतं तपकिरी लाकूड. ही झाडं मेल्यावरही आठवडे-आठवडे हिरवी दिसतात. म्हणून नर्सरीतही, लपूनछपून का होईना, फांदीची साल एकदा खरवडून बघा. बाहेरगावाहून लाल चिकट मातीच्या गोळ्यात आलेलं रोप असेल, तर लावताना तो गोळा कडेनं हलकेच मोकळा करा, नाहीतर पाणी बाजूनं वाहून जातं आणि मुळं कोरडीच.

कुंडी काळ्या प्लास्टिकची नको. मे महिन्यात दुपारी तिला हात लावून पाहा, मुळांचं काय होत असेल ते कळेल. मातीची किंवा सिमेंटची जाड कुंडी, पश्चिमेकडून हिरवी जाळी, आणि कुंड्या एकमेकींना खेटून. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र झाडांना घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार तळाशी राहतात.

सायप्रसच्या त्या दोन कुंड्यांपैकी एकीत आता पोडोकार्पस आहे. दुसरीत बायकोनं सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरलाय, आणि तो काढू देत नाही.