सेमिनारला कॅनडा घ्यावा की ऑस्ट्रेलिया?

‘वसाहतींमधून एक देश’ हा विषय मिळाला की बहुतेक मुलं डोळे झाकून अमेरिका घेतात. तिचा चोथा झालाय. उरतात कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया. दोन्ही ब्रिटिश वसाहती, दोन्हींच्या घटना लंडनच्या संसदेत मंजूर झालेल्या, तरी एकत्र येण्याची रीत अगदी वेगळी.

कॅनडाचं काम पुढाऱ्यांनी आपसात उरकलं. सप्टेंबर १८६४ मध्ये शार्लटटाउनला बैठक ठरली, तेव्हा गावात सर्कस आलेली आणि खोल्या भरलेल्या. बऱ्याच प्रतिनिधींनी मुक्काम बोटीवरच केला. पुढच्याच महिन्यात क्वेबेकला बंद दाराआड ७२ ठराव झाले आणि १ जुलै १८६७ ला चार प्रांतांचा देश उभा. घाई होतीच: शेजारच्या अमेरिकेत यादवी, तिच्याशी असलेला व्यापार करार संपत आलेला. जनमत मात्र कुणी घेतलं नाही. त्या चारांपैकी नोव्हा स्कोशिया प्रांताच्या मतदारांनी त्याच वर्षी राग काढला. केंद्रीय संसदेच्या १९ पैकी १८ जागांवर विलीनीकरणाचे विरोधक निवडून दिले. उपयोग शून्य.

ऑस्ट्रेलियाला हाच पल्ला गाठायला दहाएक वर्षं लागली, पण तिथे लोकांना विचारलं गेलं. न्यू साउथ वेल्स या वसाहतीत (सिडनी तिथलंच) १८९८ च्या मतदानात होकाराचं बहुमत होतं, ७१ हजारांच्या वर मतं. पण तिथल्या विधिमंडळाने किमान ८० हजारांची अट घातलेली, म्हणून घटनेचा मसुदा पडला! मग घासाघीस. राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच, पण सिडनीपासून निदान १०० मैल लांब, असं ठरलं. १८९९ ला पुन्हा मतदान, आणि १ जानेवारी १९०१ ला सहा वसाहतींचा देश.

एकीची गरज का होती, हे दोन वसाहतींच्या सरहद्दीवरच्या ऑल्बरी स्टेशनवर दिसतं. व्हिक्टोरियाचे रूळ ५ फूट ३ इंचांचे, न्यू साउथ वेल्सचे ४ फूट साडेआठ इंच. मेलबर्नहून सिडनीला निघालेला माणूस तिथे बोचकी घेऊन उतरायचा, दुसऱ्या गाडीत चढायचा, शिवाय सरहद्दीवर जकात. जकात गेली, पण गाडी बदलणं १९६२ पर्यंत सुटलं नाही.

आता निवड. तुमचे गाइड केंद्र-राज्य संबंधांत रमणारे असतील तर कॅनडा घ्या. उरलेसुरले, म्हणजे कुठल्याच सूचीत न बसणारे, अधिकार केंद्राकडे ठेवायची रीत आपल्या घटनेत तिथूनच आली, त्यामुळे भारताशी दुवा आयता मिळतो. (समवर्ती सूची, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या विषयांची यादी, ऑस्ट्रेलियाची; तोही दुवा कच्चा नाही.) विषयात ‘लोकशाही’ हा शब्द असेल तर मी ऑस्ट्रेलियाच घेईन. मात्र तिथले ‘लोक’ म्हणजे कोण, हे टाळू नका. बहुतेक वसाहतींत त्या मतदानाला बायका नव्हत्या. मूळ रहिवाशांना लोकसंख्येत मोजू नये असं घटनेचं कलम १२७ सांगायचं, ते १९६७ च्या जनमतात गेलं. परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

साधनांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या घटना-परिषदांची शब्दशः इतिवृत्तं तिथल्या संसदेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. कॅनडाच्या विधिमंडळातल्या १८६५ च्या चर्चाही छापील आहेत, पण क्वेबेकच्या बंद खोलीतलं तुटक टिपणांवरून जुळवावं लागतं.

आणि पानं उरली तर न्यूझीलंड घ्या. तो ऑस्ट्रेलियाच्या १८९१ च्या घटना-परिषदेत बसला, नंतर आलाच नाही, पण ऑस्ट्रेलियाच्या घटना-कायद्यात ‘राज्यां’च्या व्याख्येत त्याचं नाव अजून आहे.