बेळगावच्या टिळकवाडीतली टेंडर भरून देणारी सेवा: कामाची, पण अर्धीच

रस्ते, गटारं, पाणीयोजनांचं डिझाइन करणाऱ्या चार-पाच माणसांच्या फर्मला ही सेवा परवडते. सरकारी ई-निविदा पोर्टलवरची नोंदणी, क्लास ३ डिजिटल सही (ऑनलाइन बोलीवर करायची, यूएसबी टोकनमधली), अनामतीचं चलन, सगळं चोख. कन्नड नोटीस आणि शुद्धिपत्रकं मराठीत समजावून देतात, हे खरं मोलाचं. शुद्धिपत्रकात अट बदलली की बेसावध माणूस तिथेच गळतो.

खोट आहे तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर सोडून अनुभव-पात्रतेची कागदपत्रं जातात त्या भागात. फर्मच्या सगळ्या माणसांचे बायोडेटा एकाच साच्यातले! निवड गुणवत्ता आणि दर मिळून, ७०:३० किंवा ८०:२० अशी असेल, तर नुसता दर पाडून फारसं साधत नाही. टीम लीडरने तसंच काम केलंय का, यावर गुण ठरतात. तो मजकूर स्वतःच लिहा, काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडा. सीएच्या उलाढाल प्रमाणपत्रावर यूडीआयएन (प्रमाणपत्र खरं आहे का हे ऑनलाइन पडताळायचा क्रमांक) आहे ना, तेही बघा. दराचा आकडा चुकून तांत्रिक लिफाफ्यात गेला तर बोली बाद.

उलाढाल कमी पडत असेल तर मोठ्या फर्मशी संयुक्त बोली लावता येते, अर्थात निविदेत मुभा असेल तर. अनामत एनईएफटीने भरायची तर आदल्या दिवशीच भरा. आणि सहीचा टोकन, पिन दुकानात ठेवून येऊ नका, ते कितीही आग्रह करोत.