एका आकड्याची किंमत : औष्णिक सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

उघड्यावर बसवलेल्या आमच्या नियंत्रण पेटीतील सर्किट ऐन दुपारी बंद पडले, तेव्हा एखादी वस्तू किती तापेल याचा गणिताने अंदाज देणारे हे सॉफ्टवेअर घेऊन मला तीन महिने झाले होते. मॉडेलप्रमाणे पेटीचा वरचा पत्रा ५६ अंश सेल्सिअसला स्थिरावायला हवा होता. प्रत्यक्षात त्यावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून, चिकटपट्टीचा रंग वेगळा पडून मोजमाप बिघडू नये म्हणून तिलाही पत्र्याचाच गडद करडा रंग दिला, तेव्हा वाचन ७६ अंश आले. हवा ३५ अंश, ऊन चौरस मीटरला सुमारे ९०० वॉट आणि रंगाची शोषकता (पडलेल्या उन्हाचा किती भाग शोषला जातो ते) ०.८ हे सारे मी नीट भरले होते.

सेवा विभागाने मेश (गणनेसाठी मॉडेलचे केलेले लहान तुकडे) बारीक करण्याचा सल्ला दिला. तो पाळल्यावर गणनेचा वेळ कित्येक पटींनी वाढला आणि उत्तर अर्ध्या अंशानेही हलले नाही. दुसऱ्या पत्रात त्यांनी हवेच्या प्रवाह-गणनेचे स्वतंत्र मॉड्यूल विकत घेण्यास सुचवले. हाती असलेले साधन नीट तपासल्याशिवाय आणखी पैसे मोजायचे नाहीत, असे मी तेव्हाच ठरवले.

दोष सापडला तो बाउंड्री कंडिशनच्या, म्हणजे पृष्ठभागाभोवतीची परिस्थिती भरण्याच्या, एका चौकटीत. बाह्य पृष्ठभाग निवडला की संवहन गुणांक (हवा पृष्ठभागाची उष्णता किती वेगाने वाहून नेते तो आकडा) आपोआप २५ वॉट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन असा भरला जातो आणि त्याबाबत कोणतीही सूचना येत नाही. मॅकॲडम्स यांच्या नावाने ओळखले जाणारे जुने सूत्र, म्हणजे ५.७ अधिक वाऱ्याच्या वेगाची ३.८ पट, लावून पाहिले, तर २५ याचा अर्थ सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाचा वारा दिवसभर अखंड वाहतो असा होतो. आमच्या पेटीपाशी त्या दुपारी वारा सेकंदाला जेमतेम एक मीटर होता, म्हणजे गुणांक १० च्या आसपास. तो भरताच मॉडेलने ७६ अंश दाखवले. वारा पूर्ण पडला तर हाच गुणांक ५ वर येतो आणि पत्रा नव्वदीपार जातो. संवहनाचे आकडे पृष्ठभागाच्या दिशेवरही अवलंबून असतात : प्रचलित सूत्रांनुसार स्थिर हवेत तापलेल्या पत्र्याची खालची बाजू वरच्या बाजूच्या जवळपास निम्मीच उष्णता हवेला देते. अशा राशीला सर्व पृष्ठभागांसाठी एकच मूल्य गृहीत धरून देणे मला अक्षम्य वाटते.

इथपर्यंत माझे मत पूर्ण प्रतिकूल होते. रात्रीच्या नोंदींनी मात्र ते बदलावे लागले. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षा पाच अंशांनी थंड होत होता आणि मॉडेल दोन्ही तापमाने समान दाखवत होते. या वेळी चूक माझी होती. प्रारणासाठी, म्हणजे पत्रा किरणांच्या रूपात आकाशाकडे जी उष्णता सोडतो तिच्यासाठी, मी हवेचेच तापमान दिले होते. वास्तविक निरभ्र आकाशाचे प्रारण-तापमान हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी धरावे लागते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र पर्याय आहे आणि तो उत्तम चालतो. सूर्याची स्थिती, शेजारच्या भिंतीची सरकती सावली, सौर शोषकता आणि अवरक्त उत्सर्जकता (उष्णता किरणांच्या रूपात सोडण्याची क्षमता) यांच्या वेगळ्या चौकटी, हे सारे मनापासून दाद द्यावे असे आहे. या वेगळेपणामुळेच पांढऱ्या रंगाचा विचार करता आला : त्याची शोषकता ०.२५, पण उत्सर्जकता ०.९. रंग बदलल्यावर मॉडेलने ४६ अंश सांगितले, मोजमाप ४८ आले. पांढऱ्या रंगावर धूळ बसली की शोषकता वाढते, त्यामुळे हा दोन अंशांचा फरक मला मान्य आहे. सर्किट त्यानंतर एकदाही बंद पडलेले नाही.

झुळूक आली की वाचन का घसरते, हेही आता मॉडेलमध्ये दिसते. दोन मिलिमीटर पोलादी पत्र्याचा कालस्थिरांक (तापमानातील बदलाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पूर्ण व्हायला लागणारा वेळ) सुमारे आठ मिनिटांचा आहे. त्यामुळे तासाची सरासरी हवामान-नोंद वापरली तर दुपारचा खरा उच्चांक हुकतो. मी दर मिनिटाची नोंद वापरतो आणि वाऱ्याच्या वेगानुसार गुणांक देणारा बारा ओळींचा तक्ता जोडतो. ही सोय मूळ परवान्यातच आहे. सेवा विभागाने तिचा उल्लेखही केला नव्हता.

परवान्याचे नूतनीकरण मी करणार आहे, प्रवाह-मॉड्यूल घेणार नाही. संवहन गुणांकाची चौकट रिकामी ठेवावी आणि ती भरल्याशिवाय गणना सुरू होऊ देऊ नये, अशी लेखी मागणी मी दोनदा पाठवली आहे. नव्या आवृत्तीतही तिथे २५ च आहे.