पॉप-अप टेंट ट्रेलर: आठ महिने वापरल्यावर

पॉप-अप टेंट ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं खोकं: मुक्कामी छत वर उचलायचं, दोन्हीकडचे पलंग बाहेर ओढायचे, की कापडी भिंतींचा तंबू होतो. घ्यायला गेलं की सगळ्यांची नजर गाद्या, सिंक आणि शेगडीवर. आठ महिन्यांनी विचाराल तर दोनच गोष्टी बघाव्यात: छत उचलणारी यंत्रणा आणि कापड.

छत किमान तीनदा पूर्ण वर-खाली करून बघा. हँडल फिरवलं की विंचवर केबल गुंडाळत जाते आणि चारही कोपऱ्यांचे खांब बरोबरीने चढायला हवेत. एक कोपरा मागे राहत असेल तर केबल ताणलेली किंवा पुली अडकलेली समजा. तिथे जोर लावला की केबल तुटते. कापड ताणून बसलं की थांबायचं, पुढे एक फेराही नको.

सुती कॅनव्हासमध्ये आत दव कमी धरतं, पण तो जड असतो आणि वाळायला दिवस खातो. नवा असताना शिवणीतून पाणी झिरपतं. घाबरून लगेच तक्रार करू नका. दोन-तीनदा भिजवून खडखडीत वाळवला की दोरा फुगून सुईची भोकं बुजतात. कोटिंगवालं पॉलिएस्टर झटपट वाळतं, मात्र पहाटे आतून घाम सुटतो. कुठलंही कापड ओलं मिटलं तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवायचंच. बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की निघत नाहीत. त्यामुळे ठेवायच्या जागेचं माप उघडलेल्या ट्रेलरचं घ्या: 3 मीटरचं खोकं दोन्ही पलंग ओढल्यावर 6 मीटरच्या आसपास जातं.

वजनाचा हिशेब कागदावर करा. एकूण मान्य वजन 1000 किलो, रिकामं 750, म्हणजे हातात 250. त्यातले 60 लिटर पाण्याचे 60, बॅटरीचे वीसेक, शिवाय गॅस. मागे जास्त भरलं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलतो.

उभा करताना डावी-उजवी बाजू गाडी जोडलेली असतानाच चाकाखाली फळी घालून समतल करा. चाकांना ठोकळे लावा, मग गाडी सोडा, पुढच्या जॅकने पुढे-मागे जुळवा आणि शेवटी कोपऱ्यांचे पाय टेकवून जेमतेम अर्धा फेरा. हे पाय ट्रेलर उचलायला नाहीत. उचललात तर सांगाडा पिळतो, आणि पहिली खूण म्हणजे दार चौकटीत बसेनासं होतं.

जुना घेत असाल तर ट्रेलरच्या आत दारापाशीचा तळ आणि छताचे कोपरे अंगठ्याने दाबा. बोट रुतलं तर आतलं लाकूड कुजलंय. किंमत न विचारता परत फिरा.