बसून नमाज शिकवणारं ॲप: घड्याळावर चालावं की बोटावर?

गुडघे किंवा कंबर साथ देत नसेल तर नमाज बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून पढता येते. ‘सहीह बुखारी’ या संग्रहातल्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, ही मुभा स्पष्ट आहे. खुर्चीवर रुकूसाठी (एरवी उभ्याने कमरेत वाकतात तो) थोडं वाकायचं, सजद्यासाठी (एरवी कपाळ जमिनीला टेकवतात तो) त्याहून जास्त. हाच फरक ॲपने जवळून, बाजूने दाखवायला हवा.

घड्याळावर, म्हणजे ठरलेल्या वेळेने आपोआप पुढे सरकणाऱ्या ॲपमध्ये हात मोकळे राहतात, ही मोठी सोय. पण आमच्या खालांचा (मावशींचा) सराव मी पाहिला. पहिल्या सजद्यातून त्या हळूहळू पाठ सरळ करत होत्या, तोवर पडद्यावर दुसरा सजदाही उरकला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन उलटा ठेवला.

बोटाने पुढे नेण्यात वेग शिकणाऱ्याचा. मात्र कापऱ्या बोटाला कोपऱ्यातला बारीक बाण सापडत नाही. अख्खा पडदाच बटण करा. हात उचलतच नसेल त्याला ‘पुढे’ एवढा शब्द पुरावा. अर्थात सरावातच, कारण प्रत्यक्ष नमाजेत बोलणं चालत नाही.

माझा कौल बोटाला. आणि उभं, खुर्ची, पलंग हे पर्याय पहिल्याच पडद्यावर एका ओळीत हवेत. ‘आजारी लोकांसाठी’ असा वेगळा कोपरा नको.